मोळीच्या आधी विझलेली आग

जुना तर मी आहेच, मित्रांनो. पण मला भंगार म्हणू नका, माझा लिलाव अजून व्हायचा आहे. मी एका सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर. वडवणीकडून सिरसाळ्याला जाताना डाव्या हाताला एक उंच धुराडं दिसतं, ज्याच्यावर आता घारी बसतात. त्याच्या पायथ्याशी, पत्र्याच्या मोडक्या शेडमध्ये मी उभा आहे. शाळा सुटली की तुम्ही माझ्या अंगावर दगड मारता आणि आवाज घुमला की हसत पळता. मारा बापडे, मला दुखत नाही. पण आज जरा टेका आणि माझं ऐका.

आधीच सांगतो, मी तापट आहे. गोडगोड बोलणं मला जमत नाही. ज्याच्या पोटात आयुष्यभर आग होती त्यानं गोड कसं बोलावं? साखर पलीकडच्या घरात व्हायची. माझ्या वाट्याला आग, राख आणि माणसांचा घाम.

माझा जन्म इथून फार लांब, दक्षिणेत झाला. जाड लोखंडी पत्रे वाकवून माझा ड्रम केला. ड्रम म्हणजे माझा पाण्याचा हंडाच समजा. त्याला खाली नळ्याच नळ्या जोडल्या. मग एका तपासनिसानं माझ्यात दाबून पाणी भरलं आणि कुठं थेंब गळतो का ते बॅटरीच्या उजेडात पाहिलं. एकही गळला नाही. मग सुटे भाग करून मला ट्रकांवर चढवलं आणि घाट चढवून बीड जिल्ह्यात आणलं.

ट्रक आले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. कोरडवाहू गावांची माणसं ती, ज्वारी-बाजरीवर जगणारी. त्यांनीच कारखान्याचे सभासद व्हायचं ठरवलं होतं. कुणी त्यासाठी शेळी विकली होती, कुणी बायकोच्या हातातले गोठ. "आपला बॉयलर आला," असं जो तो म्हणत होता. त्या 'आपला' शब्दानं मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? एका म्हातारीनं पुढं होऊन माझ्या ड्रमला कुंकू लावलं. तिची सून म्हणाली, "आवं आत्याबाई, ह्यो काय देव हाय का?" म्हातारी म्हणाली, "पोटात आग घिऊन दुसऱ्याला उजेड देतोय, मग देव न्हाई तर काय?"

उजेडाचं तिनं बरोबर सांगितलं होतं. तुम्हाला वाटतं, भिंतीवरचं बटण दाबलं की वीज येते. अहो, बटणात काय आहे? कपाळ! उसाचा रस काढला की जो चोथा उरतो त्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. तो माझ्या पोटात जळायचा. त्याच्या आगीनं वर ड्रममधल्या पाण्याची वाफ व्हायची. ती वाफ शेजारच्या टर्बाईनची पाती फिरवायची आणि पाती फिरली की जनित्रातून वीज निघायची. कारखाना तिच्यावर चालायचा, कामगारांच्या वसाहतीत दिवे लागायचे आणि उरलेली वीज सरकारी तारेत जायची.

त्या तारेत गेलं की आपण एकटे राहत नाही. भजनात नवा टाळकरी येतो तो कसा आधी ठेका ऐकतो आणि मग टाळ उचलतो? तसंच ते. राज्यभरातल्या वीज करणाऱ्या सगळ्यांचा ठेका एकच असावा लागतो. त्यात कोयनेचं कोंडलेलं पाणी होतं. परळीचा कोळसा होता, तो आमच्या शेजारचा, वयानं आणि मानानं मोठा. तारापूरला अणू फोडून वीज करतात म्हणे. बालाघाटाच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या होत्या. कोळसा जाळा, चोथा जाळा नाहीतर अणू फोडा, पाण्यावाचून आमचं कुणाचंच चालत नाही. पवनचक्की तेवढी वाऱ्यावर जगते आणि तिला त्याचा भारी तोरा.

हंगामाचे चार-पाच महिने मी सगळ्यांचा लाडका असायचो. चेअरमन अर्जुनराव पाहुण्यांना घेऊन यायचे, माझ्या अंगावर हात ठेवायला जायचे आणि चटका बसला की हसायचे. हंगाम सरला की कुत्रं फिरकायचं नाही. कामापुरता मामा! उन्हाळाभर माझ्या पोटात राख आणि धुराड्यात कबुतरं. मला राग यायचा, पण एक माणूस तेव्हाही यायचा, म्हणून मी सोसून घ्यायचो.

त्याचं नाव शहादेव. राख ओढायच्या कामावर लागला आणि परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंट झाला, म्हणजे माझी आग आणि माझं पाणी सांभाळणारा. गळ्यात टॉवेल, गालात तंबाखू, आणि तोंड सारखं चालू. सकाळी कामावर आला की पहिल्यांदा माझ्याशी बोलायचा. "काय बे काळ्या, झोप झाली का? का पुन्हा पोट दुखतंय?" आणि खरंच माझी एखादी झडप गळत असली तर ती त्याला आवाजावरून कळायची. इतक्या वर्षांत मला 'बे' म्हणून हाक मारणारा तो एकटाच. मला ते आवडायचं.

त्याची बायको रुक्मिणीबाई शिरूर कासारकडची. तिचे आईबाप दर साली कोयते घेऊन ऊस तोडायला परमुलखात जायचे. ती स्वतः एका उसाच्या फडाकडेला, पाचटाच्या झोपडीवजा कोपीत जन्मली होती. लग्न होईपर्यंत तिनं रात्रीचा उजेड म्हणजे चूल आणि कंदील एवढाच पाहिला होता. शहादेवाशी लग्न होऊन वसाहतीत आली त्या दिवशी त्यानं खोलीतला दिवा लावला आणि म्हणाला, "ह्यो माझ्या काळ्याचा उजेड." तेव्हापासून ती दुपारी भाकरी घेऊन आली की माझ्याकडे बघून पदर सावरायची, घरातल्या थोरल्या दिरासमोर सावरावा तसा. आसपासच्या बायकांना सांगायची, "आमच्या ह्यांच्या हातचा उजेड हाय त्यो."

आता एक रीत सांगतो, ती नीट ऐका. दर साली दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर पेटवायचा कार्यक्रम व्हायचा. त्याला अग्निप्रदीपन म्हणतात. एक जोडपं पूजा करून माझ्या पोटात पहिला अग्नी सोडतं. मग काही दिवसांनी मोळी पडते, म्हणजे उसाची पहिली मोळी ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीत टाकून गाळप सुरू होतं. आणि आमच्या कारखान्यात पहिल्या हंगामापासून एक समज होता. मोळी पडेपर्यंत हा अग्नी विझू द्यायचा नाही. विझला, तर ज्या जोडीनं पेटवला त्या जोडीवर अरिष्ट येतं.

हे कुणी सांगितलं, कुठून आलं, मला विचारू नका. सगळे म्हणायचे म्हणून सगळे म्हणायचे. बाकीच्या सालांत त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही, कारण अग्नी पेटला की आठवड्याभरात मोळी पडायचीच. पाणी भरपूर, ऊस भरपूर. आग मंद ठेवायला कुणाला जड जात नव्हतं.

मग एक साल पाऊस झाला नाही. दुसऱ्या सालीही झाला नाही. कारखान्याच्या तळ्यात चिखल उरला आणि मग चिखलालाही भेगा पडल्या. उभा ऊस वाळला. जो हिरवा होता तो लोकांनी जनावरांच्या छावणीला तोडून दिला. त्यात परळीचे मोठे संच पाण्यावाचून बंद ठेवायची वेळ आली. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय! तारेतला तो शेजारचा भारदस्त ठेका थांबला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. एवढ्या थोरल्याची ही गत, तर माझं काय?

कारखान्यात सभा झाली. माझ्या शेडपर्यंत आवाज येत होता. कुणी म्हणालं, यंदा हंगाम नकोच. पण अर्जुनराव उठले. वाईट माणूस नव्हता तो. वडिलांनी उभा केलेला कारखाना आपल्या हातून बुडू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तो म्हणाला, "यंदा चाक फिरलं न्हाई तर पुन्हा कधीच फिरायचं न्हाई. बंद पडलेला कारखाना कोन चालू करून देतंय? थोडाच ऊस हाय, थोडाच गाळू. पर धूर दिसला पायजे. परळी बंद हाय, तर आपून वीज देऊ. जिल्ह्याला दाखवून देऊ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शहादेवानंही वाजवल्या, मी पाहिलं. कारखाना बंद म्हणजे त्याला आणि रुक्मिणीबाईला पुन्हा कोयता, पुन्हा कोपी. टाळ्या वाजवणारच.

त्या साली अग्निप्रदीपनाचा मान कुणाला द्यायचा यावरून संचालकांत जुंपली. ह्याला दिला तर तो रुसतो, त्याला दिला तर हा. शेवटी अर्जुनराव वैतागून म्हणाले, "कुणालाच नगं. शहादेवाच्या जोडीला द्या. बॉयलर त्याचाच हाय." सगळ्यांनाच ते पटलं.

तो दिवस, मित्रांनो, माझ्या आयुष्यातला चांगला दिवस. रुक्मिणीबाई हिरवं लुगडं नेसून आली होती. शहादेवाच्या डोक्यावर फेटा, आणि तो त्याला सारखा टोचत होता. भटजींनी मंत्र म्हटले. तिनं त्याच्या हाताला हात लावला आणि दोघांनी मिळून कापूर माझ्या पोटात टाकला. आग धरली. तिचे डोळे भरून आले. शहादेव हळूच म्हणाला, "रडती कावून? काळ्याचा धूर लागला का तुला?" ती रडता रडता हसली. मान मिळाला म्हणून रडत होती बिचारी. जिच्या आईबापांना फडात कुणी नावानं हाक मारली नव्हती, तिच्या हातानं कारखाना पेटला होता.

मोळी आठवड्याभरात पडणार होती. तिला एक मोठे पाहुणे यायचे होते. त्यांच्या हातानं बटण दाबून आमची वीज तारेत सोडायची होती. पाहुण्यांचा निरोप आला, पुढच्या आठवड्यात येतो. मग पुन्हा निरोप आला. मग पुन्हा. मांडव उभा होता तो उभाच राहिला आणि त्याच्या कापडावर धूळ बसली. माझ्या पोटात मात्र मंद आग चालूच. ऊस नाही, गाळप नाही, वीज नाही, आणि तरी मी पाणी पीत होतो. आग मंद असली तरी वाफ होतेच, ती झडपेतून उडून जाते, आणि गेलं तेवढं पाणी पुन्हा भरावं लागतं. तळं आटलेलं. बोअरचं पाणी मचूळ, त्यानं घरच्या बंबाला धरतो तसा पांढरा थर माझ्या नळ्यांना आतून धरला. म्हणून लांबच्या विहिरीवरून गोड्या पाण्याचा टँकर यायचा. त्यातलं थोडं मला, थोडं ऊसतोड्यांच्या कोप्यांना.

एके दिवशी शहादेव अर्जुनरावांकडे गेला. इंजिनिअर साहेबही तिथंच होते. तो म्हणाला, "आबा, आग भाईर वढून ठिवू का? मोळीच्या आदल्या दिशी पुन्यांदा पेटवू. पानी वाया चाललंय."

"याडबिड लागलं का?" अर्जुनराव म्हणाले. "तुमच्याच जोडीनं पेटवलाय ना? मानसं काय म्हनतील? आन् तुज्यावरच काय आलं तर?"

 इंजिनिअर साहेबांना नियम तोंडपाठ होते, पण त्यांनीही अर्जुनरावांच्या बोलण्याला मान हलवली. शहादेव परत आला. त्यानंही फार ओढून धरलं नाही, कारण घरी रुक्मिणीबाईचा जीव टांगणीला लागला होता. ती दिवसातून एकदा यायचीच. माझ्या दाराला छोटी काच आहे, तिच्यातून वाकून आत बघायची.

"जित्ता हाय न्हवं?"

"हाय हाय. तुज्यावानीच फुरफुरतोय."

"चेष्टा नगा करू. मला रातीला झोप न्हाई. एवडी मोळी पडू द्या, मी खंडोबाला जाऊन येते."

ती गेली की तो माझ्याकडे बघून म्हणायचा, "काळ्या, सांभाळ बे बाबा." मी काय सांभाळणार? आग आणि पाणी माणसांनी सांभाळायचं असतं. मी नुसतं लोखंड.

शेवटी पाहुण्यांचा दिवस ठरला. त्या दिवशी दिवस उजाडताच टँकर आला. सिदू त्याचा ड्रायव्हर. टँकर माझ्या टाकीकडे वळणार, तोच कोप्यांमधल्या बाया घागरी घेऊन आडव्या आल्या. सगळ्यांत पुढं भिवराबाई होती, रुक्मिणीबाईची मावशी, उन्हानं रापलेली म्हातारी. ती म्हणाली, "शहादेवा, काल आमचा टँकर आलाच न्हाई. लेकरांच्या जिभा वाळल्यात. ह्या लोखंडाला पाजून काय करतूस, आमाला पाज."

शहादेवानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या घागरींकडे. "सिदू, आदी ह्यांच्या घागरी भर."

"आन् बॉयलरला?"

"उरंल ते बॉयलरला. तू पळत जा आन् दुसरी खेप घिऊन ये."

मला त्याचा राग आला नाही. तुम्हालाही येऊ देऊ नका. त्यानं जे केलं ते माणसासारखं केलं.

उरलेलं पाणी माझ्या टाकीत पडलं. आग वाढवली. जुना बगॅस भराभर आत पडू लागला. बऱ्याच दिवसांनी माझ्यात पुरती वाफ चढली, टर्बाईन हळूहळू फिरू लागलं आणि मांडवातले दिवे लागले. भोंगा वाजला. लाऊडस्पीकरवर कुणीतरी पाहुण्यांचं कौतुक करत होतं. आणि माझ्या ड्रमला जी काचेची उभी नळी आहे, जिच्यात आतलं पाणी दिसतं, तिच्यातली रेघ खाली खाली जात होती.

नियम साधा आहे. त्या काचेत पाणी दिसेनासं झालं की दुसरा विचार करायचा नाही. आग ओढायची, जळतं सगळं दारातून बाहेर काढायचं. मग बाहेर मोळी असो नाहीतर खुद्द लग्नाची वरात असो. शहादेवाला तो नियम पाठ होता. टाकीत पाणी संपलं, पंप कोरडा घुमू लागला, तेव्हा त्यानं राख ओढायचा लांब लोखंडी दांडा हातात घेतला. तेवढ्यात रुक्मिणीबाई आली. ती मांडवात होती, पाहुण्यांना ओवाळायला हातात ताट घेऊन उभी. तेच हिरवं लुगडं. ती अग्नी बघायला धावत आली आणि तिनं त्याच्या हातातला दांडा पाहिला.

"आवं, काय करताय?"

"पानी सपलं, रुक्मिण. आग वढावी लागंल."

"न्हाई वढायची. गाड्या फाट्यावर आल्यात म्हनं. आता घडीभरात मोळी पडती. येवडे दिस ठिवली आन् आता वढताय?"

"अगं, काच रिकामी हाय. तुला कळत न्हाई..."

"माज्या कुकवाची आन हाय तुमाला!"

तो थांबला. मित्रांनो, तो थांबला. मी मनातल्या मनात किंचाळत होतो, ओढ बे, ओढ. पण माझी किंकाळी कुणाला कळते? त्यानं दांडा भिंतीला टेकवला आणि सिदूला फोन लावला. सिदू कारखान्याच्या गेटवर उभा होता, टँकर भरलेला. त्याला आत सोडत नव्हते. पाहुण्यांच्या गाड्या आधी जाऊ द्या, टँकर सांडतो, चिखल होईल, कपडे खराब होतील. पाण्यावाचून जिल्हा तडफडत होता आणि गेटवर चिखलाची काळजी चालली होती.

तेवढ्यात माझी एक नळी वाजली. 'कट्' असा छोटा आवाज. लोखंड लालबुंद होऊन मऊ पडायला लागलं की असा आवाज येतो. रुक्मिणीबाईला तो लाऊडस्पीकरात ऐकूही गेला नसेल. शहादेवानं ऐकला. त्याचा चेहरा मी जवळून पाहिला. तंबाखू चघळणारं तोंड थांबलं. आणि मग तो हसला. तिच्याकडे बघून चक्क हसला.

"रुक्मिण, तू असं कर. तू जा गेटवर. बाईमानसाला कुनी अडवत न्हाई. सिदूला आत घिऊन ये. टँकर आला की आग जित्ती ऱ्हाती बघ."

"तवर वढायचे न्हाईत ना?"

"न्हाई गं. जा, पळ."

ती ताट तिथंच ठेवून पळाली. लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून पळाली. बगॅस टाकणारे दोघं गडी होते, त्यांना तो म्हणाला, "तुमी बी जा, तिकडं पाइप धरा." ते गेले. शेडमध्ये तो आणि मी उरलो. त्यानं दांडा उचलला, माझं दार उघडलं आणि आग ओढायला लागला. भराभर ओढत होता. तोंडानं माझ्याशी बोलत होता, "दम धर काळ्या, दम धर, झालंच." निम्मी आग बाहेर आली होती. उरलेली निम्मी यायच्या आत माझी नळी फाटली.

पुढचं मी सांगत नाही. तुम्ही लहान आहात. वाफ आणि निखारे दारातून बाहेर आले आणि दारात तो उभा होता, एवढंच कळलं तरी पुरे.

मांडवातले दिवे गेले. लाऊडस्पीकर मध्येच बंद पडला. रुक्मिणीबाई तेव्हा गेटवर होती. तिनं गेटवाल्यांशी भांडून टँकर सोडवला होता आणि सिदूच्या शेजारी बसून आत येत होती. सिदू नंतर सांगत होता, ती आनंदानं म्हणत होती, "चल दादा, चल, आग वाट बघती." पाहुण्यांच्या गाड्या फाट्यावरूनच माघारी फिरल्या. त्या टँकरच्या पाण्यानं आधी निखारे विझवले. मग त्याच पाण्यानं शहादेवाला शेवटची आंघोळ घातली. गावात दुसरं गोडं पाणी नव्हतंच.

तपासणीवाले आले, माझी फाटकी नळी बघून गेले. पाणी नसताना आग ठेवली म्हणून हे झालं, असं त्यांनी अर्जुनरावांना तोंडावर सांगितलं. अर्जुनराव खाली मान घालून बसला. तेव्हापासून त्याची मान कधी वर झालेली मी पाहिली नाही. पण गावानं वेगळंच धरलं. त्याच्या दहाव्याला बायका म्हणाल्या, पुरुष म्हणाले, पारावर म्हणाले, "मोळीच्या आदी आग वढली. मग दुसरं काय व्हनार?" रागानं माझं लोखंड तापतं, मित्रांनो. आग उशिरा ओढली म्हणून तो गेला. हे म्हणतात, ओढली म्हणून गेला! आता आसपासच्या कारखान्यांत आमचा दाखला देतात. तिथं विझवली तर बघा काय झालं, म्हणतात. म्हणजे उद्या दुसरा कुणी शहादेव काच रिकामी बघूनही थांबणार.

माझ्यात पुन्हा आग पेटली नाही. कारखाना बंद पडला तो पडलाच. ज्या तळावर उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या तिथं आता सूर्यावरच्या विजेचे पत्रे मांडलेत, रांगाच्या रांगा. त्यांना आग लागत नाही, फक्त धूळ बसली की पुसायला थोडं पाणी लागतं. पुसायला बाया ठेवल्यात. त्यातली एक रुक्मिणीबाई. माझ्या शेडमधून ती दिसते. हातात ओलं फडकं, कपाळ मोकळं. पत्रा पुसता पुसता ती बाकीच्या बायांना एकच सांगते, रोज सांगते, "मी गेटवर गेलते ना, म्हनून झालं. मी तितं असते तर वढू दिली नसती. आज जित्ते असते." बाया हं हं म्हणतात. मला ते ऐकवत नाही आणि कान झाकायला हात नाहीत.

माझा लिलाव झाला की गॅसच्या ज्योतीनं माझे तुकडे करतील. करू देत. लोखंड आहे, त्याचं दुसरं काहीतरी होईल. त्याआधी तुम्ही एक करा. उद्या शाळेतून येताना तिच्याकडे जा. तिला म्हणा, बाई, त्यानं तुला टँकर आणायला पाठवलं नव्हतं. नळीचा आवाज त्यानं ऐकला होता. तू तिथं असतीस तर तूही गेली असतीस, म्हणून त्यानं तुला हसत बाहेर काढलं. एवढंच सांगा. तिनं विचारलं की मग आधीच का नाही ओढली, तर गप्प बसा. शपथेचं तिच्यापाशी बोलू नका. त्या आणेनंच उशीर झाला हे तिला कळलं तर ती जगायची नाही.

आणि तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी बॉयलरपाशी उभं राहील, कुणी धरणावर, कुणी साध्या मोटारीपाशी. तेव्हा मुहूर्त म्हणेल थांब, पाहुणे म्हणतील थांब, आणि जिच्यावर तुमचा जीव आहे तीही हात जोडून थांब म्हणेल. तिच्यावरच्या मायेपोटीच सांगतो, थांबू नका. काच रिकामी दिसली की आग ओढा, मग कुणाचीही आण असो.